विश्लेषण : संख्या मूळ आहे हे ओळखणे सोपे, मग तिचे अवयव पाडणे अवघड का?

‘पुढील संख्येचे अवयव पाडा’ आणि ‘पुढील संख्या मूळ आहे का ते सांगा’ हे शाळेच्या गणितातले शेजारशेजारचे प्रश्न. लहान संख्यांसाठी दोन्ही एकाच रीतीने सुटतात. संख्या शेकडो अंकी झाली की दुसऱ्याचे उत्तर संगणक चटकन देतो; पहिल्यापुढे मात्र महासंगणकही हतबल होतात. डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षेचा मोठा भाग याच तफावतीवर उभा आहे.

शाळेतली रीत कुठे अडते?

अवयव नेहमी जोडीने येतात आणि जोडीतला लहान अवयव संख्येच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. म्हणून २२१ तपासताना २, ३, ५, ७, ११, १३ एवढ्यांनीच भागून पाहावे लागते. १३ ने भाग जातो, १३ × १७ मिळतात. २२३ ला यांपैकी कशानेही भाग जात नाही, म्हणजे ती मूळ संख्या. पण ६०० अंकी संख्येचे वर्गमूळच सुमारे ३०० अंकी असते. दृश्य विश्वातील अणूंची संख्या साधारण ८० अंकी मानली जाते, हे लक्षात घेतले तर एकेका संख्येने भागत बसणे अशक्य का, ते कळते.

अवयव न सापडताही संख्या संयुक्त कशी ठरते?

फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० मध्ये मूळ संख्यांचा एक गुणधर्म सांगितला. २ चा ‘प’ वा घात करून त्यातून २ वजा केले आणि ‘प’ मूळ असेल, तर उत्तराला ‘प’ ने पूर्ण भाग जातो. ९ घेऊन पाहा : ५१२ वजा २ म्हणजे ५१०, ९ ने भागल्यास बाकी ६. म्हणजे ९ संयुक्त. ३ हा अवयव शोधावाही लागला नाही. मात्र उलट खात्री मिळत नाही. ५६१ (३ × ११ × १७) संयुक्त असूनही ही कसोटी पार करते. मिलर-राबिन कसोटीने ही फट बुजवली. तिच्या एका फेरीत संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता फार तर एक चतुर्थांश. फेऱ्या वाढवल्या की ती नगण्य होते.

दोन्ही प्रश्नांतले अंतर इतिहासातही दिसते. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या मूळ नाही, हे ल्युका या गणितीने १८७६ मध्ये दाखवले. तिचे अवयव, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, फ्रँक कोल यांनी मांडले ते १९०३ मध्ये.

भारतीयांचे योगदान काय?

संभाव्यतेचा आधार न घेता, पूर्ण खात्रीने आणि वेगाने उत्तर देणारी रीत आहे का, हा प्रश्न आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये सोडवला. या ‘एकेएस’ कसोटीला २००६ चा गोडेल पुरस्कार मिळाला. रोजच्या वापरात मात्र अधिक वेगवान मिलर-राबिनच चालते.

सुरक्षेशी संबंध कसा?

रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांच्या १९७७ मधील ‘आरएसए’ पद्धतीत साधारण ३०० अंकी दोन मूळ संख्या निवडून त्यांचा गुणाकार जाहीर केला जातो. मूळ संख्या पटकन ओळखता येतात म्हणून कुलूप बनते. गुणाकाराचे अवयव पडत नाहीत म्हणून ते टिकते. डिजिटल स्वाक्षऱ्या आणि अनेक संकेतस्थळांची प्रमाणपत्रे यावरच चालतात. २०२० मध्ये २५० अंकी ‘आरएसए’ संख्या फोडली गेली, तेव्हा एकाच प्रोसेसर-गाभ्याला सुमारे २,७०० वर्षे लागतील एवढी आकडेमोड अनेक संगणकांत वाटून करावी लागली.

धोका कोणता?

अवयव पाडणे अवघडच आहे, हे आजवर कुणी सिद्ध केलेले नाही. सोपी रीत सापडलेली नाही, एवढेच. शिवाय पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम वेगाने करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. तसा संगणक अद्याप बनलेला नाही. पण आज साठवून ठेवलेली गुप्त माहिती उद्या उघडली जाऊ शकते. त्यामुळेच अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेली तीन नवी मानके जाहीर केली. जुनी कुलपे वेळेत बदलणे, हेच आता बँका आणि सरकारांपुढचे काम आहे.