परसातल्या कोंबड्या आणि कुंपणाची झाडे

दोन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, आमच्या वस्तीतील एका ताईंच्या सात कोंबड्यांपैकी पाच एका दिवसात गेल्या. ताई चार घरची धुणीभांडी करतात. अंड्यांच्या पैशातून मुलीच्या वह्या आणि एस.टी.चा पास निघत असे. पाच कोंबड्या जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

अगोदर सर्वांना वाटले, मानमोडी आली. पण मानमोडीत माना वाकड्या होतात, हिरवट हगवण लागते आणि रोग शेजारच्या खुराड्यातही पोचतो. येथे तसे काही नव्हते. मग संशय गेला शेजारणीवर. कोंबड्या तिच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरत, त्यावरून दोघींत आधीच कुरबूर होती. एकीने म्हणावयाचे, "हिनंच विष घातलं," दुसरीने लेकरांच्या शपथा घ्यावयाच्या. कुणी करणीपर्यंतही गेले. समजूत घालण्यासाठी आम्हाला बोलावणे आले. आम्ही पडलो हिशेबाचे माणूस, पुरावा पाहिल्याशिवाय खाते मिटवीत नाही. एक मेलेली कोंबडी पिशवीत घातली आणि सायकलवरून सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी कापून दाखविली. आत कण्हेरीच्या पानांचे तुकडे होते.

आणि ती कण्हेर आमचीच होती! गल्लीच्या कडेला आम्ही कार्यकर्त्यांनीच ती वृक्षारोपणात लावली होती. शेळ्या तोंड लावीत नाहीत, पाणी फारसे लागत नाही, फुले बारमाही, असे आम्हीच सर्वांना पटवून दिले होते. शेळ्या तोंड का लावीत नाहीत, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आदल्या दिवशी पोरांनी कुंपण छाटले आणि बारीक छाटण ताईंच्या परसात टाकले. पावसामुळे दोन दिवस डांबलेल्या कोंबड्या सुटल्या, त्या त्या हिरव्यावर तुटून पडल्या.

आम्ही दोन्ही घरी जाऊन हे सांगितले. ताई एवढेच म्हणाल्या, "भाऊ, झाड लावलं तुम्ही आन् भांडलो आम्ही." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ सर्वच विषारी असते. ते विष हृदयावर काम करते आणि पान वाळले तरी उतरत नाही. पोटभर चारा मिळणारी मोकळी कोंबडी सहसा कडू पानाच्या वाटेला जात नाही. धोका असतो तो डांबलेल्या, भुकेल्या कोंबडीला आणि कापून टाकलेल्या पाल्याचा. म्हणून छाटण परसात कधीही टाकू नये. पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, तीही तशीच. तिच्या बियांनी आपली पोरे खेळतात, हे विसरू नका. उकिरड्यावर आपोआप उगवणारा एरंड, धोतरा, गुंजेचा वेल आणि घाणेरी हीसुद्धा परसात नकोत. एरंडाचे आणि गुंजेचे मुख्य विष बियांत असते. शोभेच्या कुंपणाला ड्युरांटा लावतात, त्याची पिवळी मण्यांसारखी फळे घातक. सुबाभळीचा पाला थोडा चालतो. रोज भरपूर दिला तर वाढ खुंटते आणि अंडी कमी होतात.

मग झाडेच नकोत का? तसे मुळीच नाही. कोंबडीचा पूर्वज रानकोंबडा, झुडपांखाली राहणारा. घार वरून आली की पिलांना लपावयास जागा हवी. कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते, तेव्हा सावली म्हणजे तिचा जीवच. त्यासाठी जास्वंद उत्तम. दाट वाढते, पाने-फुले खाल्ली तरी बाधत नाही. शेवगा लावा. त्याच्या पाल्यात प्रथिने भरपूर, आणि शेंगा घरात येतात. तुती लावा, पिकून खाली पडलेली फळे कोंबड्या आणि पोरे वाटून खातात. कढीपत्ताही चालतो. जास्वंद, शेवगा, तुती ही तिन्ही पावसाळ्यात फांदी रोवून लागतात, म्हणजे पदरचा पैसा नको.

एक अडचण आहे. कोंबड्या नव्या रोपाची माती उकरून मुळे उघडी पाडतात. बुंध्याभोवती विटांचे तुकडे मांडावेत किंवा जाळी लावावी. झुडूप खुराड्याला चिकटून नको, कारण मुंगूस आणि साप तेथेच दबा धरतात. आणि परसातल्या झाडांवर कीटकनाशक फवारू नये. मेलेले किडे कोंबडीच वेचून खाते.

कोंबडी विषारी पाला खाताना दिसली तर तो पाला तत्काळ हटवा, स्वच्छ पाणी ठेवा आणि दवाखाना गाठा. अशी कोंबडी मरण्याआधी कापून रांधण्याची आपल्याकडे रीत आहे. ती पूर्ण चूक आहे. ताईंच्या घरीही त्या दिवशी एक कोंबडी कापावयास काढली होती, केवळ संशयामुळे थांबले. मेलेली कोंबडी खोल पुरावी, कुत्र्याला टाकू नये.

गल्लीतली कण्हेर आम्ही मुळासकट काढली. हातमोजे घालून काढली आणि जाळली नाही, कारण तिचा धूरही वाईट. त्या जागी आता जास्वंद उभी आहे. शेवग्याची फांदी दिली ती त्याच शेजारणीने. यंदा मृग लागला की जास्वंदीची छाटणी करणार आहोत. ज्यांना फांद्या हव्या असतील त्यांनी रविवारी सकाळी पिशवी घेऊन यावे.