कुत्र्याच्या वर्तनाविषयीचे गैरसमज

कुत्रा (कॅनिस फॅमिलिॲरिस) हा मनुष्याचा सर्वांत जुना पाळीव प्राणी असला, तरी त्याच्या वर्तनाविषयी अनेक चुकीच्या समजुती रूढ आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या २०१४ च्या गणनेत शहरात ९५,१७२ भटकी कुत्री आढळली. जुहूसारख्या वर्दळीच्या पुळणीवर अशी कुत्री, फिरावयास आलेली मुले व पहाटे धावणारे लोक एकत्र वावरतात. तेथे कुत्र्याचे संकेत चुकीचे वाचले गेल्यास दंशाचा संभव वाढतो.

संकेत : शेपूट हालविणे हे नेहमीच स्नेहाचे लक्षण नसते, ते उत्तेजित अवस्थेचे निदर्शक होय. सैल अंगासह डोलणारे शेपूट मैत्री दर्शविते, तर ताठ व उंच धरलेल्या शेपटीची आखूड, जलद हालचाल आक्रमणापूर्वीही आढळते. म्हणून कान, नजर व अंगाचा ताठरपणा एकत्रितपणे पाहावा लागतो. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हणही विश्वसनीय नाही. भयाने भुंकणारा कुत्रा कोंडीत सापडल्यास चावतो.

गुरगुरणे हे धन्याविरुद्धचे बंड मानून कुत्र्यास मारण्याची प्रथा आहे. या समजुतीस आर. शेंकेल यांच्या बंदिस्त लांडग्यांवरील १९४७ च्या अभ्यासाचा आधार दिला जाई. नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची पिले होत, असे एल. डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. गुरगुरणे हा इशारा असतो. माराने इशारा थांबतो, भीती मात्र राहते. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापासून पळाल्यास त्याची पाठलागाची उपजत प्रेरणा जागृत होते. अशा वेळी स्तब्ध उभे राहून, नजर न रोखता सावकाश दूर व्हावे.

अलर्क रोग (रेबीज) : जलभय हे मुख्यतः रोगग्रस्त मनुष्यात आढळणारे लक्षण आहे. त्यामुळे पाणी पिणारा कुत्रा निर्धोक ठरत नाही. पिसाळलेला कुत्रा सदैव आक्रमक असतो, हेही खरे नाही. रोगाच्या मूक प्रकारात तो सुस्त दिसतो. कानाच्या टोकावरील खाच निर्बीजीकरण व लसीकरण झाल्याची खूण आहे, कायम प्रतिकारक्षमतेची नव्हे.

दंशाच्या जखमेवर हळद, चुना वा मिरची लावणे अपायकारक आहे. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालयात जावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण उरलेले नाही; त्या जुन्या लशीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाले. आधुनिक लस दंडात वा त्वचेत टोचतात. गंभीर जखमेत प्रतिपिंडेही द्यावी लागतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.