धुण्याचं रसायन

सोलापुरात रंगवलेलं सूत नीट धुतल्याशिवाय मागावर चढत नाही. सुटा रंग राहिला तर चादर डागाळते. नव्या पिढीची पेप्टाइड आणि ओलिगोन्यूक्लिओटाइड औषधं बनवणं हेसुद्धा निम्म्याहून अधिक धुण्याचंच काम आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड माळ. मधुमेहावरच्या सेमाग्लुटाइडच्या माळेत असे 31 मणी आहेत. (मूळ कंपनी यातली बरीचशी माळ यीस्टकडून ओवून घेते, पण ती रासायनिक पद्धतीनंही ओवता येते.) ओलिगोन्यूक्लिओटाइड, थोडक्यात ओलिगो, म्हणजे डीएनए किंवा आरएनएचा छोटा तुकडा. क्षयाचा जंतू पीसीआरनं शोधताना साधारण वीस अक्षरांचे असे तुकडे त्याच्या जनुकाला नेमके जाऊन चिकटतात; गोव्याच्या मोलबायोची ट्रूनॅट चाचणी याच तत्त्वावर चालते. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान, जे सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचावं लागतं, तेही आरएनएचा तुकडाच.

पेप्टाइडची माळ ओवण्याची युक्ती ब्रूस मेरीफिल्ड यांनी 1963 मध्ये मांडली आणि 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पहिला मणी राळेच्या बारीक दाण्याला बांधायचा, त्याच्या टोकाचं झाकण काढायचं, द्रावकानं धुवायचं, पुढचा मणी जोडायचा, पुन्हा धुवायचं. हे 31 मण्यांसाठी करून पाहा, म्हणजे औषधापेक्षा द्रावकच कितीतरी पट जास्त का लागतं ते कळेल. पेप्टाइडसाठी हे द्रावक बहुधा डायमिथाइलफॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ असतं, अशाच पद्धतीनं ओवल्या जाणाऱ्या ओलिगोसाठी ॲसिटोनायट्राइल. ही दोन्ही रसायनं सोलापूरची बालाजी अमाइन्स बनवते. तिचे कारखाने तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला आणि पुणे रस्त्यावर चिंचोळी एमआयडीसीत आहेत.

द्रावक बनवणारा पिंपं विकतो, खरा नफा औषधवाल्याचा, असं कुणी म्हणेल. नफ्यापुरतं ते बरोबर आहे, महत्त्वापुरतं नाही. ॲसिटोनायट्राइल जगात मुख्यतः ॲक्रिलोनायट्राइल बनवताना जोडीनं निघतं, आणि ॲक्रिलोनायट्राइल लागतं मोटारींच्या प्लॅस्टिकला, कृत्रिम धाग्याला. 2008 च्या मंदीत गाड्या खपेनात, ॲक्रिलोनायट्राइलचं उत्पादन घटलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांना ॲसिटोनायट्राइल मोजूनमापून वापरावं लागलं. मोटारीच्या बाजारावर औषधाचं धुणं अडावं, हे विचित्रच. म्हणून दुसऱ्याच्या उरल्यासुरल्यावर न विसंबता हे रसायन मुद्दाम बनवणारा कारखाना मोलाचा.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. डीएमएफ गर्भाला आणि यकृताला घातक आहे. डिसेंबर 2023 पासून युरोपात कामगारांच्या संपर्काची कडक मर्यादा पाळल्याशिवाय ते वापरता येत नाही, आणि पेप्टाइडवाले पर्याय शोधत आहेत. हा आक्षेप मला मान्य आहे. केवळ डीएमएफच्या भरवशावर या धंद्याची स्वप्नं रंगवू नयेत. ओलिगोच्या बाजूची मागणी जास्त टिकाऊ वाटते, पण तिथली परीक्षा अवघड. अक्षर जोडताना पाण्याचा अंश असला तर पाणीच आधी अभिक्रिया करून बसतं आणि माळ तिथेच खुंटते. प्रत्येक जोड 99 टक्के साधली तरी वीस अक्षरांच्या 19 जोडांनंतर पूर्ण माळा उरतात सुमारे 83 टक्के; 98 टक्के साधली, तर 68. हा एका टक्क्याचा फरक पिंपातल्या ओलाव्यानंही पडू शकतो, आणि साध्या दर्जाच्या व ओलिगोच्या दर्जाच्या ॲसिटोनायट्राइलची किंमत वेगळी असते ती यामुळेच.