शून्य ते सहाचा रकाना

जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात एकूण लोकसंख्येच्या शेजारी एक रकाना असतो: शून्य ते सहा वयाची मुलं. सहाच का? तर १९९१पासून साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांचीच मोजतात, म्हणून त्याखालची मुलं वेगळी काढावी लागतात. रकाना आला साक्षरतेच्या सोयीसाठी, पण लोकसंख्याशास्त्रज्ञांनी त्यातून भलतंच काम करून घेतलं. गेल्या सात वर्षांत त्या गावात किती जन्म झाले असावेत, याचा माग तिथून लागतो. २०११ला देशभरात या रकान्यात सुमारे १६ कोटी ४५ लाख मुलं होती.

जन्माची नोंद १९६९च्या कायद्याने सक्तीची आहे. मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? कारण जन्म नोंदला जातो तो बाळंतपण जिथं झालं तिथं. पहिलटकरीण माहेरी जाते, अडलेली बाई जिल्ह्याच्या दवाखान्यात. परिणामी मोठ्या दवाखान्यांच्या शहरात जन्म फुगतात, भोवतालच्या गावांत रोडावतात. नमुना पाहण्यांतून राज्याचा जननदर भरवशाने मिळतो. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा १.७ आला. पण तालुक्याचा आकडा मागितला की नमुना अपुरा पडतो. जनगणना मात्र घरोघर जाते आणि मूल जिथं राहतं तिथं मोजते.

हिशेब अवघड नाही. एक कल्पित गाव घेऊ. पाच वर्षांखालची १०० मुलं, १५ ते ४९ वयाच्या २८० बायका. जन्मलेल्या शंभरांपैकी ९५ मोजणीपर्यंत जगली असं धरलं, तर पाच वर्षांत साधारण १०५ जन्म झाले, वर्षाला २१. दर हजार बायकांमागे ७५. जननक्षम वयाच्या ३५ वर्षांत हाच वेग राहिला, तर एका बाईमागे सुमारे २.६ मुलं. ढोबळ आहे, कारण गावात तरुण सुना जास्त की चाळिशीच्या बायका, यावर उत्तर हलतं. पण दिशा कळते.

या हिशेबातला कळीचा आकडा ९५. देशात १९७१ला हजार जन्मांमागे १२९ अर्भकं वर्षाच्या आत दगावत होती, २०२०ला २८. म्हणजे जुन्या जनगणनेत रकान्यात मुलं कमी दिसली तरी जन्म कमी होते असं नव्हे. हयात मुलांवरून मागे जाऊन जन्म काढायच्या या रीतीला ‘रिव्हर्स सर्व्हायव्हल’ म्हणतात. क्रिस्तोफ गिल्मोतो आणि एस. इरुदया राजन यांनी तिच्या आधारे भारतातल्या जिल्ह्याजिल्ह्याचे जननदर काढले.

विल्सन ग्रॅबिल आणि ली-जे चो यांनी १९६५मध्ये मांडलेली पद्धत याहून बारीक आहे. घराघराच्या नोंदीत प्रत्येक मुलाला त्याच्या आईशी जोडायचं. मूल तीन वर्षांचं, आई सत्तावीसची. म्हणजे बाळंतपणाच्या वेळी ती तेवीस-चोवीसची. अशा लाखो जोड्यांतून कोणत्या वयाच्या बायकांना कोणत्या वर्षी किती मुलं झाली, हे थेट पंधरा वर्षं मागेपर्यंत उलगडतं.

आपल्याकडे पेच पडतो तो एकत्र कुटुंबात. कुटुंबप्रमुख आजोबा, पोरांच्या नावापुढे नातं ‘नातू’, ‘नात’, आणि घरात दोन सुना. कोणतं पोर कुणाचं? मग सुनांची वयं, त्यांना झालेल्या मुलांची संख्या आणि यादीतला क्रम पाहून अंदाज बांधावा लागतो. आई घरात नसेल तर तेही जमत नाही. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. त्या सगळ्या काळात बाहेर असलेला माणूस असेल तिथं मोजला जातो. बीडचं ऊसतोड जोडपं फडावर आणि मूल आजीजवळ, असं असेल तर आई एका जिल्ह्यात, मूल दुसऱ्यात. बीडमध्ये बायकांच्या मानाने मुलं जास्त दिसणार, साखरपट्ट्यात कमी. तक्त्यावर नुसती नजर टाकून जननदराचे नकाशे रंगवणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

सगळ्यांत निसटतात ती तान्ही. घरात किती माणसं, असं विचारलं की अंगावरचं पोर सांगायचं राहून जातं. जरा मोठ्याचं वय ‘पाचवं लागलंय’ असं सांगतात आणि चारऐवजी पाच लिहिलं जातं. त्यामुळे जनगणनेत शून्य आणि एक या वयांची मुलं हमखास तुटपुंजी दिसतात, आणि अलीकडच्या दोन वर्षांत जन्म एकदम घटल्याचा भास होतो. माझ्या मते त्या घसरणीवर विश्वास ठेवूच नये. शून्य ते सहा असा जाड पट्टा घेतला की ही चूक बरीच पातळ होते.

२०२१ची जनगणना झालीच नाही. आता मोजणीचा संदर्भक्षण १ मार्च २०२७, म्हणजे मधे सोळा वर्षं. मुलांना आयांशी जोडण्याची पद्धत पंधरा वर्षं मागे जाते. हुकलेल्या काळातले जवळजवळ सगळे जन्म तिच्या टप्प्यात येतात. त्यासाठी संशोधकांना घरनिहाय नोंदी, नावं वगळून, मिळाव्या लागतील. आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीची आई कोणत्या पाड्यावर मोजली गेली, हे तिथल्या यादीत लिहिलेलं नसतंच.