हवामानाचा अंदाज पाहताना रात्रीचे तापमानही बघा

मे महिन्यात नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा आठवड्याचा अंदाज आला की काटोल, उमरेडसारख्या गावांत सगळ्यांची नजर कमाल तापमानावर जाते. घरात वयस्क व्यक्ती, लहान बाळ, गरोदर महिला किंवा हृदयरोगी असेल तर किमान तापमानही पाहा.

रात्र का महत्त्वाची?
दिवसभर तापलेले शरीर रात्री थंड होते, हृदयावरचा ताण उतरतो. रात्रही उकाड्याची गेली तर हा ताण साठत जातो. त्यामुळे अशा सलग तीन-चार दिवसांत धोका वाढतो. शिवाय अंदाजातले तापमान सावलीत मोजलेले असते. टिनाच्या छपराखाली ते आणखी जास्त असते.

काय करावे?
पिवळा इशारा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच काळजी घ्या. दुपारी १२ ते ३ शेतातली कामे टाळा. तहान नसली तरी पाणी प्या. कूलर लावताना खिडकी उघडी ठेवा. लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल किंवा पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर आधीच डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

१०८ ला फोन कधी करावा?
अंग खूप तापले असून रुग्ण असंबद्ध बोलत असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर हा उष्माघात असू शकतो. रुग्णाला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध रुग्णाला पाणी पाजू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. तिच्या भरवशावर वेळ घालवू नका.