लक्ष कुठंय तुझं?

रात्रीची भांडी घासून होतात, टीव्हीचा आवाज कमी होतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत पोरगी पुस्तक उघडून बसते. पाच मिनिटांनी पाहावे तर तिची नजर भिंतीवर. 'लक्ष कुठंय तुझं?' असे आपण ओरडतो. आम्हीही ओरडलो आहोत. पण मन भरकटते तेव्हा मेंदूत काय चालते, हे आपण आईबापांनी एकदा समजून घ्यायला हवे.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. अवघड गणित सोडवताना हा खर्च फारसा वाढत नाही. म्हणजे आपण नुसते बसलेलो असतो तेव्हाही मेंदू कामावरच असतो. १९९५ साली भारत बिस्वाल या संशोधकाने अमेरिकेत स्वस्थ पडलेल्या माणसांचे मेंदू एमआरआय यंत्राने तपासले. हात हलत नव्हते, तरी हात हलवणारे डावे-उजवे भाग एका लयीत चालताना दिसले. दूरदूरचे भाग असे एकमेकांशी जोडले जाऊन मेंदूत मोठी जाळी बनतात.

त्यांतली तीन महत्त्वाची. पहिले 'डिफॉल्ट मोड' जाळे. काम हाती घेतले की ते मंदावते, रिकामे बसलो की जोर धरते. सेंट लुईसच्या मार्कस रायकल यांनी २००१ साली त्याकडे जगाचे लक्ष वेधले. कालचे भांडण, उद्याची फी, 'लोक मला काय म्हणतील' हे विचार येथे घोळतात. दुसरे कार्यकारी जाळे. हिशेब, शिवणाचे माप, परीक्षेचा पेपर ही त्याची कामे. सहसा एक वर आले की दुसरे खाली जाते.

तिसरे जाळे पहारेकऱ्याचे. बाळ रडले, दूध उतू गेले, की ते इशारा देते. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील विनोद मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, या जाळ्याचा उजव्या बाजूचा एक भाग पहिल्या दोघांत पाळी बदलण्याचे काम करतो.

आता आपल्या खोलीकडे पाहा. टीव्ही चालू, मोबाइल वाजतोय, वर बापाचा चढलेला आवाज. पहारेकऱ्याला दर मिनिटाला हाका पडत असतील, तर पोरीने पुस्तकात टिकावे कसे? घर लहान असेल. पण रोज एक तास टीव्ही बंद ठेवणे आपल्या हातात आहे.

आणि भिंतीकडे पाहणे दर वेळी वाया जात नाही. 'मी नर्स कशी होईन?' असा बेत माणूस आखतो, तेव्हा ही पहिली दोन जाळी मिळून काम करतात, असेही संशोधनात दिसले आहे.

मन भरकटले हे ध्यानात येणे आणि त्याला परत आणणे, याचा सराव करता येतो. श्वासावर लक्ष ठेवणारी आनापान साधना हाच सराव आहे. अनेक वर्षे ध्यान करणाऱ्यांत डिफॉल्ट जाळ्याचे मुख्य भाग ध्यानाच्या वेळी अधिक शांत असतात, असे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांना २०११ साली आढळले.

तेव्हा आज रात्री ओरडू नका. टीव्ही बंद करा, शेजारी बसा आणि हळूच विचारा, 'काय विचार करत होतीस, बाळा?' कदाचित ती तिच्या उद्याबद्दलच सांगेल.