संगणकाच्या देवडीवरील द्वारपाल

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसा अनर्थ घडला. आमच्याकडे एकाच लिनक्स संगणकावर घरांतील चौघे काम करितात. दर वेळीं नांव व परवलीचा शब्द देण्याचा कंटाळा म्हणून ती विचारणा आम्हींच हट्टानें बंद करविली, व सर्वांचें काम एकाच खात्यांत चालूं लागलें. पुढें धाकट्या नातवानें खेळतां खेळतां आमचीं तीन महिन्यांचीं टिपणें पुसून टाकलीं. दोष त्याचा नव्हे. देवडीवरचा पहारेकरी आम्हींच रजेवर धाडिला होता!

हा पहारेकरी काय करितो, हें थोरल्या नातीनें आम्हांस समजाविलें. तेंच वाचकांस निवेदन करितों.

युनिक्सच्या यंत्रांवर पूर्वीं केवळ अक्षरांच्या पडद्यावर नांव विचारीत. पुढें ‘एक्स’ नामक चित्रमय व्यवस्था आली व तिच्यासाठीं १९८८ सालीं एक्सडीएम हा द्वारपाल निघाला. आजचे जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम हे त्याच परंपरेंतले.

यंत्र सुरू होतांच हा द्वारपाल ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी या नात्यानें जागा होतो. परंतु आपल्याशीं बोलणारा पडदा, ज्यास ‘ग्रीटर’ म्हणतात, तो आतां बहुधा निराळ्या, अल्पाधिकारी खात्यानें चालतो. आपण दिलेला शब्द ‘पॅम’ या परीक्षकाकडे जातो. मूळ शब्द तेथेंही सांठविलेला नसतो. गणितानें काढलेली, उलट न फिरवितां येणारी त्याची खूण तेवढी असते. दिलेल्या शब्दाची खूण तिच्याशीं जुळली तरच दार उघडतें. न जुळल्यास नांव चुकलें कीं शब्द, हें सहसा सांगत नाहींत. नाहीं तर चोरास अर्धें उत्तर आयतेंच मिळेल.

मग जें काम सुरू होतें, तें सर्वाधिकार टाकून त्या व्यक्तीपुरतेच अधिकार धारण करितें. म्हणून एकाच्या हातून दुसऱ्याचे कागद सहसा पुसले जात नाहींत. काम संपतांच द्वारपाल पुनः दारीं उभा राहतो.

तथापि कोणी आंतील तबकडीच काढून दुसऱ्या यंत्रास जोडली, तर हा पहारा व्यर्थ होय. त्यासाठीं तबकडीवरील मजकूरच कूटलिपींत ठेवावा लागतो.

असो. आतां आमच्याकडे चौघांचीं चार खातीं आहेत, व नांव सांगण्यास लागणारें अर्धें मिनिट आम्ही मुकाट्यानें देतों. टिपणें मात्र पुनः पहिल्यापासून लिहावीं लागत आहेत.